सासूबाईंचं घोडं आणि लांबून येणारा खेळ

कॉलेजात असताना मी व्हिडिओ गेम पुष्कळ खेळलो. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, निगडीत प्राधिकरण नावाच्या भागात भाड्यानं फ्लॅट घेतला आणि ते सगळं मागं पडलं. चाकणच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. मशिनं बंद पडतात, मी ती चालू करतो. घरी एक खेळायचं मशीन असावं असं मला अधूनमधून वाटायचं, पण बायकोचं उत्तर ठरलेलं होतं. "ते आणलंस की त्याला टेबल लागेल, टेबलाला जागा लागेल, आणि जागेसाठी मला घराबाहेर जावं लागेल." आमचा हॉल बघितलेला कुणीही तिचीच बाजू घेतली असती.

मग कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्रानं एक दिवस वेगळंच सांगितलं. तो पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या विभागात असतो. मूळचा कोकणातला, आणि फोनवर नवीन काय आलंय ते सगळ्यात आधी यालाच कळतं.

"भावा, मशीन घेऊच नकोस," तो म्हणाला. "आता खेळ तिकडं कुठंतरी लांब, मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो. तुझ्या टीव्हीवर नुसतं चित्र येतं. तू बटण दाबलंस की ते नेटवरून तिकडं जातं, तिकडं गडी उडी मारतो आणि ती उडी तुला इकडं दिसते."

"आणि मधल्या मधे वेळ जात नाही का?"

"जातो की. तो किती जातो त्याच्यावरच सगळं आहे. आणि हे देणाऱ्या कंपन्या चार-पाच आहेत, प्रत्येकीचं गणित निराळं."

त्यानं सुचवलेली पहिली सेवा मी घेतली. तिचं स्वरूप वाचनालयासारखं होतं. महिन्याची वर्गणी भरायची आणि फळीवर मांडलेल्या खेळांतला हवा तो खेळायचा. घरात नवं सामान म्हणजे हातात धरायचा एक कंट्रोलर, तोही मी पिंपरी कॅम्पातून घासाघीस करून आणला. टीव्ही होताच. बायकोनं कंट्रोलर उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "एवढंच असेल तर माझी हरकत नाही. ड्रॉवरमध्ये मावतंय."

मी निवडलेला खेळ होता डोंगराळ मुलखातल्या एका घोडेस्वाराचा. मुलूख अफाट. दऱ्या, कुरणं, नद्या, मधेच गावं. स्वारानं दरोडेखोरांचा बंदोबस्त करायचा, अशी त्यातली गोष्ट. दोन आठवडे मी मन लावून बंदोबस्त केला. आणि मग सासूबाई आल्या.

सासूबाई परभणीच्या. जन्मभर अंगणवाडीत काम केलं, मग निवृत्त झाल्या. सासरे जाऊन काही वर्षं झाली, तेव्हापासून एकट्याच राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं ते बायकोनं हट्टानं इकडं करवून घेतलं आणि ऑपरेशननंतर त्यांना आमच्याकडं आणलं. हॉलमधला दिवाण त्यांना दिला. पाय उशीवर ठेवून त्या टीव्हीसमोर बसायच्या आणि रोज एकदा तरी म्हणायच्या, "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं माणसानं." त्याला आम्ही दोघंही उत्तर द्यायचो नाही, कारण उत्तर दिलं की त्या बॅग कुठं आहे ते विचारायच्या.

माझी सेकंड शिफ्ट चालू होती. बायको सकाळीच माण गावातल्या ऑफिसला जायची. म्हणजे दुपारी बस पकडेपर्यंत घरात आम्ही दोघंच, जावई आणि सासू. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आमच्यात बोलणं काय, तर "जेवलात का?" आणि "हो, जेवलो." त्या मला जावईबापू म्हणायच्या आणि मी खोलीत आलो की पदर सारखा करून सरळ बसायचा प्रयत्न करायच्या. गुडघा दुखत असला तरी. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो. मग त्यांना वाटायचं, आपल्यामुळं जावईबापू आत बसलेत. असा एकमेकांचा मान राखत आम्ही एकमेकांना पुरते कंटाळलो होतो.

एका सकाळी त्यांनीच विषय काढला. "तुमी रोज टीव्हीवर काहीतरी खेळत होतात म्हणं. लेक सांगत होती. मी आले म्हणून बंद केलं का?"

"तसं काही नाही," मी म्हणालो.

"मग लावा की. मलाही बघायला काही नाही. त्या मालिकेतल्या बायका नुसत्या रडायल्यात."

मी लावलं. आधी जरा संकोच वाटला. चाळिशीला आलेला जावई सासूसमोर तलवार घेऊन पळतोय, हे काही बरं दिसत नव्हतं. त्या मात्र एकटक बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "ते घोडं दमत न्हाई का?"

"खेळातलं आहे ते."

"असू द्या. सकाळपासून पळवायलात. थोडं पाणी दाखवा त्याला."

मी घोडा ओढ्याकाठी नेऊन उभा केला. खरंच तो मान खाली घालून पाणी प्यायला. मी दोन आठवडे खेळत होतो आणि हा घोडा पाणी पितो हे मला माहीत नव्हतं. सासूबाई हसल्या. मग हात पुढं करून म्हणाल्या, "द्या बरं तो लगाम इकडं." त्या दिवसापासून आमच्या घरात कंट्रोलरला लगाम हेच नाव पडलं.

पहिले काही दिवस घोडा झाडांवर आपटत होता. मग त्यांचा हात बसला. त्यांची खेळायची पद्धत माझ्यापेक्षा अगदी वेगळी होती. दरोडेखोर दिसले की त्या घोडा वळवून दुसऱ्या वाटेनं जायच्या. "मारामारी नको बाई. नुसतं फिरायचं." खेळातल्या माणसांच्या अंगणात जाऊन कोण काय करतंय ते बघायच्या. मी वापरत होतो तो घोडा त्यांनी मला परत दिला, म्हणजे गावातल्या तबेल्यात ठेवला, आणि आपल्यासाठी रानातलाच एक पकडायचं ठरवलं. कुरणात चरणारा एक ठिपक्याठिपक्यांचा घोडा त्यांच्या मनात भरला. त्याच्याजवळ हळूहळू, वाकून जावं लागायचं. जरा घाई केली की तो उधळायचा. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा लाथ खाल्ली.

"तुमी सरका," त्या म्हणाल्या. "पोरं आन् जनावरं, मागं लागलं की पळत्यात."

त्या घोड्यापासून लांब नुसत्या उभ्या राहिल्या. दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या. ओठांनी च्‌ च्‌ असा आवाजही करायच्या, जसा काही तो तिकडं लांबच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणार होता. तिसऱ्या सकाळी घोडा पळाला नाही. सासूबाई त्याच्यावर बसल्या आणि मी दिवाणाच्या कडेला बसून टाळ्या वाजवल्या. ही बातमी बायकोला माझ्याआधी त्यांनीच फोन करून दिली.

फिजिओथेरपीचे व्यायाम करायला त्यांना जिवावर यायचं. आता मी एक युक्ती केली. घोडा एका गावाहून दुसऱ्या गावाला संथ चालत असला की त्यांनी गुडघा वाकवायचा आणि सरळ करायचा. वाट लांबची असली की व्यायामही लांबायचा. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रगती छान आहे, रोज चालता वाटतं? सासूबाई म्हणाल्या, "घोडं चालतंय." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पुढची तारीख विचारली.

असे दिवस मजेत चालले असताना एका सकाळी पडद्यावर सूचना आली. हा खेळ महिनाअखेरीस आमच्या संग्रहातून जात आहे.

सासूबाईंनी मला वाचून दाखवायला लावलं. "जात आहे म्हणजे कुठं?"

मी समजावलं. ही सेवा खेळ विकत देत नाही, ठरावीक मुदतीपुरता ठेवते. खेळ बनवणाऱ्यांशी करार संपला की फळीवरून काढून घेते.

"आन् आपलं घोडं?"

"तेही त्यातच आहे."

 त्यांनी लगाम उशीजवळ ठेवला आणि दुपारी माझं ताट वाढताना म्हणाल्या, "माझा गुडघा आता बरा हाय. परभणीचं तिकीट बघा बरं."  बसमध्ये बसल्यावर मी सगळी हकीकत मित्राला सांगितली.

"तेवढ्यासाठी सासूला जाऊ देतोस?" तो म्हणाला. "बाकीच्या सेवा लावून बघ. कुठं ना कुठं तो खेळ असेलच."

गुरुवार आमचा सुट्टीचा दिवस, कारण आमच्या पट्ट्यातले कारखाने रविवारी नाही, गुरुवारी बंद असतात. बायकोनं त्या दिवशी घरून काम घेतलं आणि आम्ही दोघं या शोधाला लागलो.

पहिली लावली ती एका इंटरनेट कंपनीची स्वतःची सेवा. आमच्या नेटच्या जोडणीबरोबर ती जवळजवळ फुकटच मिळत होती. खेळ भरपूर, पण बहुतेक लहान मुलांचे. घोड्याचा नव्हताच. एक गाड्यांच्या शर्यतीचा लावून बघितला. गाडी वळवायला सांगितली की ती आधी विचार करायची आणि मग वळायची, तोपर्यंत वळण मागं गेलेलं असायचं. सासूबाई बघत होत्या. "हाक मारली की ओ दिली पाहिजे," त्या म्हणाल्या. "ही ओ द्यायला लई उशीर करायलीय."

दुसरीत खेळ मिळत नव्हताच, मिळत होता तो नुसता भाड्याचा कॉम्प्युटर. लांबच्या शहरातला आख्खा कॉम्प्युटर आपल्या ताब्यात. त्यावर काय टाकायचं, कसं चालवायचं ते आपलं आपण बघायचं. मला हे आवडलं. मी सकाळभर त्यावर काहीबाही भरत बसलो. एक गोष्ट चालली की दुसरी बंद पडायची. बायको चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी घरी बसून तू कंपनीतलंच काम करतोयस, फक्त पगार न घेता." मी ते बंद केलं.

तिसरी सेवा मात्र बरी निघाली. इथं खेळ आपण स्वतः विकत घ्यायचा, तो कायमचा आपला. सेवा फक्त ताकदवान कॉम्प्युटर पुरवते. चित्र इतकं स्वच्छ, की डोंगरावरचं गवत पात्यापात्यानं दिसत होतं. पैसे भरले तर थेट आत, नाहीतर फुकटातही खेळता येतं, पण रांगेत उभं राहावं लागतं आणि तासाभरानं ती नम्रपणे बाहेर काढते. मी सासूबाईंना रांगेचा आकडा दाखवला.

"सरकारी दवाखान्यागत हाय की," त्या म्हणाल्या. "नंबर लावायचा आन् बसायचं."

परीक्षा मात्र त्यांनी स्वतःच घेतली. खेळाचा एक छोटा नमुना फुकट मिळत होता, त्यात नदी होती. त्यांनी घोडा भरधाव नदीकडं सोडला आणि अगदी काठावर लगाम खेचला. घोडा थांबला. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा थांबला. संध्याकाळी शेजारपाजारचे लोक कामावरून आले, सगळ्यांचे टीव्ही आणि फोन सुरू झाले, तेव्हा त्यांनी परत करून बघितलं आणि घोडा थेट पाण्यात गेला.

"ही पण बिघडली," त्या म्हणाल्या.

मला शंका आली. कारखान्यात मशीन अडलं की आम्ही आधी मशीनला दोष देत नाही, त्याला येणारी हवा आणि वीज तपासतो. आमचा राउटर बेडरूममध्ये लोखंडी कपाटामागं होता. मी तिथून टीव्हीपर्यंत भिंतीच्या कडेनं एक वायर ओढली. घोडा पुन्हा काठावर थांबायला लागला. मग मी पहिली वाचनालयवाली सेवा लावून बघितली, तर तीही आधीपेक्षा चपळ झालेली. त्या शर्यतीतल्या गाड्यासुद्धा निम्म्याअधिक वळणांना वळायला लागल्या.

बायको म्हणाली, "म्हणजे दिवसभर सगळ्या कंपन्यांना नावं ठेवली आणि खोट आपल्या कपाटामागं होती." तिघंही हसलो. सासूबाई माझ्यासमोर पदराची काळजी न करता इतक्या मोकळ्या हसल्या, ते मी पहिल्यांदा बघितलं.

पण घोड्याचा प्रश्न सुटला नव्हता. तो खेळ तिसऱ्या सेवेवर विकत घेता येत होता, पण सुरुवातीपासून खेळावा लागणार होता. इकडची प्रगती तिकडं नेता येत नव्हती. त्या वाचनालयवाल्या कंपनीच्याच दुकानातून तो घ्यावा तर त्याला त्यांचं मशीन लागत होतं, नुसत्या टीव्हीवर तो चालणार नव्हता. मी खूप शोधलं, मित्रालाही कामाला लावलं. वाट नव्हती. शेवटी एका सकाळी मी सासूबाईंना सरळ सांगितलं. ठिपक्यांचा घोडा सोबत येणार नाही.

त्यांनी टीव्हीच्या काळ्या पडद्याकडं बघितलं. मग विचारलं, "म्हणजे खोगीर चढवलेलंच ऱ्हाईल का ते?"

 तिकडं लांब, कुठल्या तरी गार खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये घोडा असतो कसा, हे मला तांत्रिक भाषेत सांगता आलं असतं, पण त्यांनी ते विचारलं नव्हतं. मी खेळ लावला आणि दोघांनी मिळून शोधून काढलं, की तबेल्यात नेऊन घोड्याचं खोगीर उतरवता येतं आणि त्याला मोकळंही सोडता येतं. "असंच तबेल्यातून सोडायचं न्हाई," त्या म्हणाल्या. खोगीर उतरवून, घोड्याच्या पुढं स्वतः पायी चालत, त्या त्याला त्याच कुरणापर्यंत घेऊन गेल्या, जिथं तो पकडला होता. बरीच लांब वाट होती. वाटेत एकदा दरोडेखोर दिसले तेव्हा लगाम माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "यांचं तेवढं बघा." मी बघितलं आणि लगाम परत दिला.

कुरणात त्यांनी त्याला सोडून दिलं. तो लगेच गेला नाही. थोडा मागं मागं आला, मग थांबला, मग मान खाली घालून चरायला लागला. "जाईल हळूहळू," सासूबाई म्हणाल्या. आम्ही त्याला बघत बसलो. तो चरत चरत टेकडीपलीकडं गेला तेव्हा त्यांनी स्वतःच टीव्ही बंद केला आणि मला म्हणाल्या, "आज थालीपीठ लावते, बसा." ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच स्वयंपाकघरात इतका वेळ उभ्या राहिल्या. थालीपीठ गरम गरम खाताना आम्ही बोलत होतो. त्या अंगणवाडीतल्या पोरांच्या गोष्टी सांगत होत्या, मी कारखान्यातल्या. माझी बस चुकता चुकता राहिली.

तिकिटाचं त्यांनी परत काढलं नाही. चार दिवस लगाम मात्र हातात धरला नाही. पाचव्या दिवशी बायको ऑफिसातून आली आणि आईसमोर फोन धरला. तिनं तिसऱ्या सेवेवरचा तो खेळ विकत घेतला होता. जिला घरात खेळायचं मशीन नको होतं, तिनंच.

"हा कुणी काढून नाही घेणार, आई. हा तुझा आहे."

"पुन्यांदा पहिल्यापासून?" सासूबाई म्हणाल्या.

"पहिल्यापासून."

त्यांनी विचार केला. "बरं हाय. आता मला वाटा माहिती हायत."

गुडघा पूर्ण बरा होईपर्यंत त्या आमच्याकडं राहिल्या. फुकटातली रांग त्यांना कधी खुपली नाही. रांगेत असताना व्यायाम करायच्या, आत गेल्यावर फिरायच्या, तासाभरानं सेवेनं बाहेर काढलं की जेवायला वाढायच्या. मी पैसे भरून रांग टाळूया म्हणालो तर म्हणाल्या, "कशाला? तास झाला की उठायची सवय बरी." हे त्या बायकोला मुद्दाम मोठ्यानं ऐकवायच्या, माझ्याकडं बघत.

त्या परभणीला परत निघाल्या तेव्हा मी त्यांच्यासोबत गेलो, तो सामान उचलायला कमी आणि त्यांच्या टीव्हीला सगळं जोडून द्यायला जास्त. तिकडचं नेट आमच्याइतकं चांगलं नाही. चित्र कधीकधी पुसट होतं, घोडा मधूनच चौकोनी दिसतो. त्यांची तक्रार नाही. ऊन उतरलं की खेळते म्हणाल्या, तेव्हा नेट बरं असतं.

आता गुरुवारी त्यांचा फोन येतो तो माझ्या नंबरवर. बायको विचारते, "एवढं काय बोलता रे तुम्ही?" काय सांगणार? परवा त्यांनी शेजारणीला खेळ दाखवला. शेजारीण जरा धडाडीची. तिनं लगाम हातात घेतल्याबरोबर तलवार काढली आणि समोर दिसेल त्याच्या अंगावर धावून गेली.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"लगाम काढून घेतला. म्हणलं, भांडायचं असलं तर आपापल्या घरी भांडा. इथं आपण फिरायला आलोय." पुढं म्हणाल्या, "पण बिचारीचं तोंड एवढंसं झालं. मग तिला मागं बसवून नदीपर्यंत नेऊन आणलं."

मागं बसवता येतं हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, "मागं कुणाला बसवता येतं का त्यात?"

"ती दिवाणावर माझ्या मागं बसली होती," सासूबाई म्हणाल्या. "तुमी पण काय विचारायलात."